ओल्या फुलाचा कौल

मित्रांनो, मी एक जुना विद्युतदर्शी आहे. नाव ऐकून दचकू नका. मी म्हणजे काचेची एक रुंद तोंडाची बाटली. तिच्या बुचातून पितळेची एक दांडी आत उतरते. दांडीच्या वरच्या टोकाला पितळेची चकती आहे आणि खालच्या टोकाला सोन्याची दोन पानं. पानं कसली, वर्खच तो! पेढ्यावरच्या वर्खाइतकाच नाजूक. सोन्याचा आहे म्हणून मी मिरवावं असं त्यात काही नाही, कारण माझ्यातलं सगळं सोनं गोळा केलं तरी कान टोचायची एक तारही होणार नाही.

माझं काम साधं. लोकरीवर घासलेली काळी दांडी चकतीला लावली की दोन्ही पानांवर सारखाच विद्युतभार येतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. मग माझी पानं फाकून उभी राहतात. भार गेला की पडतात. बस्स, एवढंच मला येतं. याहून जास्त मला कधीच आलं नाही, आणि हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळी रडकथा त्यावरूनच आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. कोरड्या हवेचा गाव तो. तिथल्या कारागिराने मला पुठ्ठ्याच्या खोक्यात भुशात निजवलं, आणि मी रेल्वेने मुंबईला, तिथून आगबोटीने मालवणला आणि मालवणहून एका गड्याच्या डोक्यावरून तोंडवलीच्या अलीकडच्या एका नव्या हायस्कुलात आलो. साल असेल एकोणीसशे सत्तावन्न. खोकं उघडलं आणि समुद्राची खारी, ओली हवा अंगाला लागली, तेव्हाच मी मनात म्हटलं, संपलं! दमट हवेत माझ्या अंगावर भार ठरत नाही. काचेवर ओल धरते आणि तिच्यावरून तो गुपचूप निघून जातो. जून ते सप्टेंबर तर मी निव्वळ शोभेचा.

पण मला गुरुदास सर भेटले. पिंगुळीकडचा हा तरुण मास्तर अंगाने काटकुळा होता, पण विज्ञान म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. थंडीच्या दिवसांत, पूर्वेकडून कोरडं वारं सुटलं की ते मला सकाळपासून व्हरांड्यात उन्हाला ठेवायचे. शाळेतला शिपाई हसायचा. म्हणायचा, "मास्तरानू, पापड वाळत घातलास?" सर म्हणायचे, "होय तर! कुरकुरीत झाला की मुलांना वाढणार आहे." आणि खरंच वाढायचे. मी वाळून खडखडीत झालो की अकरावीचा वर्ग खिडक्या लावून बसायचा.

सरांकडे एक मोडकं गजराचं घड्याळ होतं. त्याची काच त्यांनी काढून टाकली होती. अंधारात त्याचे आकडे हिरवे चमकायचे, कारण त्या रंगात रेडियमचा अंश होता. सर आधी माझी पानं उभी करायचे. मग ते घड्याळ चकतीजवळ आणायचे, लावायचे नाहीत हं, नुसतं जवळ आणायचे. आणि माझी पानं हळूहळू मिटायला लागायची. मुलांच्या तोंडून "आँ!" निघायचं.

"कोणी हात लावला का?" सर विचारायचे. "नाही ना? मग भार गेला कुठे? रेडियमचे अणू आपोआप फुटतात. त्यातून उडालेले कण हवेच्या अणूंतले इलेक्ट्रॉन हुसकून लावतात. मग हवेतच भार असलेले तुकडे तयार होतात आणि ते आपल्या पानांवरचा भार संपवून टाकतात. अणू कोणी पाहिला नाही. फुटताना कोणी ऐकला नाही. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते हा सांगतो, आणि हा कधी खोटं बोलत नाही."

हे वाक्य सरांचं आवडतं होतं. दर वर्षी ते म्हणायचे, आणि दर वर्षी माझी छाती फुगायची. आज तेच वाक्य आठवलं की वाटतं, कशाला बोलले ते!

त्या वर्गात जानकी नावाची मुलगी होती. गंगाराम तांडेलाची ही लेक, आणि किनाऱ्यावरच्या वाडीतून अकरावीपर्यंत आलेली ती एकटीच. सकाळी आईबरोबर मासळीची पाटी उचलून मग शाळेत यायची. सगळ्यांत पुढे बसून मला टक लावून बघायची. एकदा सरांनी तिलाच उभं केलं.

"जानकी, नागपंचमीला घरी लाह्या भाजता ना? तापल्या खापरात भाताचे दाणे टाकले, तर कुठला दाणा आधी फुटेल ते सांग बघू."

"कसा सांगतलंय सर? सगळे दाणे सारकेच."

"शाब्बास! पण मूठभर दाणे असले तर अर्धे फुटायला किती वेळ लागेल, ते तुझी आई सांगेल की नाही?"

"तां सांगात ती. तिका सवय आसा."

"रेडियमचंही अगदी तसंच आहे. अर्धे अणू कधी फुटून संपतील ते विज्ञान सांगतं. त्याला अर्धायुष्य म्हणतात. पण एकच अणू घेतला आणि विचारलं की हा कधी फुटणार, तर जगातला कोणीही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. त्याची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. निसर्गातच ते ठरलेलं नसतं. लाखांचं सांगता येतं, एकाचं सांगता येत नाही."

जानकीने ते मनात धरलं असणार. पण घरी जाऊन आईला सांगितलं ते एवढंच, की शाळेत एक सोन्याच्या पानांची बाटली आहे, आणि डोळ्यांना दिसत नाही ते ती दाखवते. तिच्या आईला त्यातलं तेवढंच उपयोगाचं वाटलं. त्याला कारणही तसंच घडलं.

एकोणसाठच्या दिवाळीनंतर समुद्रात वादळ झालं. गंगाराम आणि त्याचा साथीदार महादू होडी घेऊन गेले होते ते परत आले नाहीत. महादूच्या मागे रडायला कोणी नव्हतं. गंगारामच्या मागे बायको शेवंती होती, जानकी होती, थोरला भाऊ बाबली होता. होडी सापडली नाही, फळकूट सापडलं नाही, माणूस तर नाहीच. वादळाने होड्या दक्षिणेला ओढून गोव्याच्या पाण्यात नेल्याच्या गोष्टी किनाऱ्यावर ऐकू यायच्या. पण तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा, हद्द बंद, तिकडचं काही इकडे कळायला मार्ग नाही. म्हणजे माणूस बुडाला म्हणावं तर तसंही नाही आणि जिवंत म्हणावं तर तसंही नाही.

फेब्रुवारी उजाडला तरी तेच. त्यात त्या साली रापणीला मासा लागेना. जाळं ओढावं तर आत शेवाळ. वाडीतली जाणती माणसं कुजबुजायला लागली, की गंगारामची क्रिया झाली नाही, तो तसाच भटकतोय. बाबलीने शेवंतीला निर्वाणीचं सांगितलं. मडं मिळालं नाही तर दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे. येत्या सोमवारी भटजी येणार.

आता तिच्यापुढचा पेच बघा. नवरा गेला असेल आणि तिने क्रिया केली नाही, तर त्याच्या जिवाला गती नाही. नवरा जिवंत असेल आणि तिने दर्भाचा जाळला, तर तिने जिवंत माणूस जाळला. ती ग्रामदेवतेला कौल लावायला गेली. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर आहे, डावी पडली तर नाही. सकाळची दुपार झाली, एकही पाकळी पडली नाही. गुरव म्हणाला, "देव बोलना नाय गो."

म्हणून ती माझ्याकडे आली.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती. सर मला उन्हातून उचलून नुकतेच टेबलावर ठेवत होते. दारात शेवंती उभी, पदर डोक्यावर, मुठीत जास्वंदीचं एक फूल. जानकी तिच्या मागे मान खाली घालून उभी होती.

"मास्तरानू," शेवंती म्हणाली, "देव बोलना नाय. " तिने लेकीकडे बोट केलं. "चेडू म्हणता, हय एक बाटली आसा, ती कदी खोटा सांगना नाय. माजो घोव आसा काय नाय, येवढाच इचारा तिका."

सरांचा चेहरा पडला. ते मायेने म्हणाले, "अहो बाय, हे देवाचं नव्हे. हे यंत्र आहे. याला फक्त विद्युतभार कळतो. माणसाचं काही कळत नाही."

"चेडू म्हणता, दिसना नाय तां सांगता."

"हो, पण ते..." सर सांगू लागले. वाक्य त्यांचंच होतं. तेवढ्यात त्यांना वाटलं, बोलून काय उपयोग, करून दाखवावं. पानं कशी उभी राहतात आणि कशी पडतात हे तिने डोळ्यांनी पाहिलं की तिलाच उमगेल, यात गंगारामचा काही संबंध नाही. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, त्यांच्या मनात याहून दुसरं काही नव्हतं. त्यांना तिची कीव आली होती आणि त्यांचा विज्ञानावर भाबडा विश्वास होता. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत की!

त्यांनी काळी दांडी लोकरीवर घासली, माझ्या चकतीला लावली. हवा कोरडी होती. माझी पानं टरारून उभी राहिली. शेवंतीने दोन्ही हात जोडले. सर सांगत होते, "हे बघा, आता भार आहे म्हणून पानं उभी आहेत. आता मी हात लावला की..."

पण ती ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते, आणि मला अगदी जवळून ऐकू आलं. "पानां उबी रवली तर तो आसा. पडली तर नाय." आणि देवाला वाहावं तसं तिने मुठीतलं फूल माझ्या चकतीवर ठेवलं.

फूल सकाळपासून तिच्या घामेजल्या मुठीत होतं. शिवाय वाटेत तिने ते विहिरीवर धुऊन घेतलं होतं. ओलं फूल, ओली बोटं, अनवाणी पाय आणि शेणाने सारवलेली ओलसर जमीन! माझा सगळा भार त्या वाटेने क्षणात जमिनीत गेला. पानं मिटली.

मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. एक हात लागला, एवढंच मी सांगितलं. जगातली अगदी बारीक वस्तू पाहायला गेलं की पाहणाऱ्याचा धक्का तिला लागतोच, ती आधी होती तशी राहत नाही, असं सर अणूबद्दल सांगायचे. पण इथे तर पाहणारीने सगळा हातच टेकवला होता. आणि ते तिला कोण सांगणार?

"आये!" जानकी ओरडली. "तुज्या हातान पडली ती! फूल वला होता!"

"परत करतो, थांबा, परत करतो," असं म्हणत सरांनी घाईघाईने फूल बाजूला केलं, चकती पुसली, दांडी घासली, लावली. माझी पानं पुन्हा उभी राहिली, पहिल्याइतकीच ताठ. "बघा! बघा बाय, उभी राहिली!"

शेवंतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा आवाज अगदी शांत होता.

"कौल एकदाच लावतत, मास्तरानू. दुसऱ्यांदा इचारूचा म्हणजे देवाक खोटो पाडूचो."

आणि तिथेच, माझ्या टेबलाच्या कडेवर, तिने हातातल्या बांगड्या फोडल्या. हिरव्या काचा माझ्या भोवती पडल्या. सर "अहो, नको, नको" म्हणत राहिले. जानकी भिंतीला पाठ लावून उभी होती.

सोमवारी किनाऱ्यावर दर्भाचा गंगाराम जळला. धूर शाळेच्या खिडकीतून दिसत होता. सरांनी त्या दिवशी वर्गाला वाचन दिलं आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसले. त्यानंतर रापणीला मासा लागला की नाही, ते मला ठाऊक नाही.

जानकीची शाळा सुटली. विधवा आईला एकटीने बाजार उरकेना. सर वाडीत गेले, परीक्षेला थोडेच दिवस उरलेत, निदान परीक्षेला तरी बस म्हणाले. ती म्हणाली, "शिकान काय करू सर? फूल वला आसा ह्यां माका दिसत होता. हात लागलो की काय जाता तांय ठावक होता. तरी आयेचो हात मी धरूक नाय." सर परत आले ते तसेच प्रयोगशाळेत शिरले आणि कितीतरी वेळ माझ्या चकतीवर बोट ठेवून बसले.

पुढे गोवा मोकळा झाला. बातमी आली तेव्हा शाळेत साखर वाटली. सरांनीही हसत हसत वाटली. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं हे मी ओळखलं होतं, कारण साखर वाटून झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता कळेल." ते मलाच म्हणाले का स्वतःला, देव जाणे.

महादू आला तो बासष्टच्या पावसाच्या तोंडावर. तिकडे कैदेतून सुटल्यावरही दुखणाईत होता, चालता येईना, म्हणून उशीर झाला. गाव त्याच्याभोवती जमला. त्याने जे सांगितलं ते शिपायाने सरांना प्रयोगशाळेत येऊन सांगितलं आणि मी ते ऐकलं.

वादळाने होडी पलीकडे नेली. दोघेही जिवंत होते. कागद नाही, पत्र नाही, म्हणून दोघांना धरून कोठडीत टाकलं. गंगाराम रोज म्हणायचा, घरी शेवंती वाट बघत असेल, म्हणून जगायला हवं. दीड वर्ष तो असाच तगला. मग त्यांच्याच कोठडीत मालवणकडचा एक खलाशी आला. त्याने गंगारामला ओळखलं आणि म्हणाला, अरे, तू हयात? तुझी तर क्रिया झाली!

"गंगारामदादा पयलो हसलो," महादू म्हणाला होता. "म्हटल्यान, माज्या बायलेन माका जाळल्यान? मगे म्हणाक लागलो, माजी क्रिया झाली, आता मी खंयच्या घराक जाव? त्येना जेवण टाकल्यान. पावसात ताप इलो, औषद घेवक नाय. त्या तापान गेलो."

म्हणजे सगळ्यांनी मिळून त्याला जाळला तेव्हा तो जिवंत होता. आणि त्यानंतरही वर्षाहून जास्त जिवंत होता. क्रिया झाली नसती तर तो वाचला असता का? कोण सांगणार? एकाचं सांगता येत नाही. पण ही गोष्ट सरांच्या मनाला पटली तरी पोटाला पटेना. त्या दिवसापासून त्यांनी डबा उघडला की तसाच मिटायला सुरुवात केली.

श्रावणात एका दुपारी शेवंती पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. बाहेर पावसाची झड लागली होती. ती केवढी म्हातारी दिसत होती! सर उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, आता ती शिव्या घालील. मलाही तसंच वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मास्तरानू, तुमी पानां परत उबी केलास मां? ती दुसरी खेप खरी होती. मी आयकूक नाय."

आजवर सर तिच्याशी शाळेचं मराठी बोलत होते, ते सगळं गळून पडलं. "नाय गो बाय. ती खेपय खरी नाय आणि पयली खेपय खरी नाय. ह्या बाटलेक कायच ठावक नाय. तुजो घोव तिका ठावक नाय, समुद्र ठावक नाय. तुजी चूक नाय गो."

मग तिने विचारलं, अगदी राग न धरता, लहान मूल विचारतं तसं:

"मगे तुमी माका ती कित्याक दाखवलात?"

मित्रांनो, हा प्रश्न मी इतकी वर्षं घोळवतोय.

जाता जाता ती थांबली. "एकदा उबी करून दाखवा," म्हणाली. "इचारूचा काय नाय. नुसती बघतंय."

सरांनी दांडी घेतली. लोकरीवर घासली, लावली. पानं हलली नाहीत. पुन्हा घासली. भर श्रावण, भिंतींना ओल, माझ्या काचेवर पाण्याची पातळ साय. भार येत होता आणि येताक्षणी निघून जात होता. ते घासत राहिले, दात आवळून, घाम निथळेपर्यंत. मी माझ्याकडून काय केलं नसतं! नुसतं एकदा, तिच्यापुरतं, उभं राहायला! पण माझ्या हातात काय आहे? मी यंत्र आहे. ओल असली की मी पडून राहतो.

शेवंतीने हलकेच सरांच्या हातातली दांडी काढून टेबलावर ठेवली.

"रवांदे, मास्तरानू," ती म्हणाली. "आता तो नाय मां. खंयसून उबी रवतली?"

सरांनी तोंड उघडलं. हवा दमट आहे, एवढंच सांगायचं होतं. दर वर्षी पहिल्याच दिवशी ते वर्गाला सांगायचे. पण ते त्यांना सांगता आलं नाही. ती पावसात निघून गेली, आणि सरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. एक पान गळून तळाशी पडलंय, दुसरं दांडीला चिकटलंय. सर अजून शिकवतात, पण अणूचा धडा आला की फळ्यावर आकृती काढतात आणि पुढे जातात. ते आवडतं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. सकाळी जानकी डोक्यावर पाटी घेऊन शाळेवरून जाते. कपाटाच्या फटीतून मला तिची सावली दिसते. ती खिडकीकडे बघत नाही.

मित्रांनो, माझ्या जातभाईंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. उन्हात वाळवा, धूळ पुसा, वर्खाला फुंकर घालू नका. ते तर कराच. पण तुमच्यापैकी कोणी उद्या मास्तर झालं आणि माझ्यासारखी एखादी बाटली वर्गापुढे ठेवली, तर तिला काय कळतं हे सांगण्याआधी काय कळत नाही ते सांगा. मुलं घरी जाऊन आयांना सांगतात. आणि एखादी आई ओलं फूल घेऊन दारात आलीच, तर आधी बाटली कपाटात ठेवा, आणि मग तिला बसायला पाट द्या.

आमच्या सरांना हे सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण माझ्या तोंडाला बूच होतं.